वनश्री सोसायटीतील झोळीचे उद्घाटन

सोसायटीच्या आवारात सभासदाने आडवे व्हावे की नाही, याविषयी उपविधी गप्प आहेत. मी ते पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत वाचले. पाण्याची टाकी, कपडे वाळत घालणे, कुत्रा पाळणे, गच्चीवरचे पापड, सगळ्याची सोय आहे. आडवे होण्याची नाही. लिहिणाऱ्यांना वाटलं असणार, माणूस आडवा व्हायचा तर स्वतःच्या घरात होईल, नाहीतर चौघांच्या खांद्यावरून आवाराबाहेर जाईल. मधली अवस्था त्यांच्या डोक्यात आली नाही. ती आमच्या वनश्री सोसायटीत उद्भवली, सन दोन हजार चारच्या मे महिन्यात, आणि सचिव या नात्याने ती मलाच निस्तरावी लागली.

मी सरकारी नोकरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. इंदिरानगरात सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. मी कधी कुणाच्या आड येत नाही. काम रीतसर व्हावं एवढंच माझं म्हणणं असतं, आणि रीत कोणती हे आधी मला विचारावं.

आमच्या पहिल्या मजल्यावर किशोर खैरनार राहतो. सिन्नरच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर कामाला आहे. महिन्यातले बहुतेक दिवस त्याची रात्रपाळी. सकाळी तो कंपनीच्या बसमधून उतरतो तेव्हा आम्ही दूध तापवत असतो. त्यानंतर त्याने झोपावं अशी निसर्गाची अपेक्षा, पण निसर्ग आमच्या सोसायटीचा सभासद नाही. किशोरच्या दोन खोल्यांत त्याची बायको संध्या शिकवण्या घेते. सुट्टीत तर मुलांची जत्राच असते, आणि संध्यावहिनींचं मत असं की पाढा ओरडून म्हटला तरच डोक्यात बसतो. डोक्यावर प्रतिभाताई राहतात, त्यांचा मसाल्यांचा घरगुती व्यवसाय, त्यामुळे मिक्सर. खाली पोरांचं क्रिकेट. फाटकावर भंगारवाला. शिवाय दुपारी मी टेपरेकॉर्डरवर भजनं लावतो, आणि आवाज मुद्दाम मोठा ठेवतो, म्हणजे ज्यांच्याकडे टेपरेकॉर्डर नाही त्यांनाही लाभ होतो.

दिवसा झोपणाऱ्या माणसाविषयी लोकांचं मत चांगलं नसतं, हेही सांगायला हवं. आमचे चेअरमन देवरामअण्णा आहेर, मूळ नामपूरचे, कांद्याचे मोठे व्यापारी. ते स्वतः जेवणानंतर तीन तास घोरतात, पण किशोरच्या खिडकीचा पडदा ओढलेला दिसला की म्हणतात, बघावं तेव्हा हा गडी लोळत पडलेला. अण्णांची ती वामकुक्षी असते. किशोरचं लोळणं असतं.

किशोर बिचारा जागा मिळेल तिथे झोपायला लागला होता. एकदा एका गालाची दाढी करून तो बेसिनपाशी उभ्याउभ्या झोपला आणि तसाच एका लग्नाला जाऊन आला. सोसायटीच्या बैठकीत त्याची मान सारखी खाली-वर व्हायची, म्हणून आमचे बरेच ठराव एकमताने मंजूर होत. हे सगळं आम्ही हसून घेत असू. पण मशीनवर त्याला डुलकी लागली आणि कंपनीच्या सुपरवायझरने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा असं झालं तर एकतर नोकरी जाईल, नाहीतर बोटं. हे मला संध्यावहिनींनी जिन्यात सांगितलं. मला फार वाईट वाटलं. मी त्यांना म्हणालो की किशोरला म्हणावं, लवकर झोपत जा.

त्यावर उपाय म्हणून ती झोळी आली. वहिनींचा भाऊ महेश कॉम्प्युटरच्या कामासाठी अमेरिकेत होता. तो सुट्टीवर आला तेव्हा दाजींना भेट म्हणून जंगलात, डोंगरावर तंबूबिंबू घेऊन फिरणारे लोक झाडाला बांधून झोपतात ती हिरवी झोळी घेऊन आला. ती एवढ्याशा पिशवीत मावत होती. आत पॅराशूटच्या कापडासारखं कापड, दोन दोऱ्या, दोन कड्या. पिशवीवर चित्र होतं. तळ्याकाठी दोन झाडांमध्ये एक दाढीवाला गोरा पडला होता आणि त्याची कुणीही कुठेही वाट पाहत नव्हतं. किशोर ते चित्र जेवतानाही समोर ठेवायचा म्हणे.

आमच्या आवारात मागच्या कोपऱ्यात एक कडुनिंब आणि एक बदाम आहे. तिथे पोरं खेळत नाहीत, कारण चेंडू गटारात जातो. एका शनिवारी किशोर रात्रपाळीहून आला, चहाही न घेता पिशवी घेऊन खाली उतरला आणि त्याने झोळी बांधली. माझी खिडकी तिकडेच उघडते.

आधी तो झोपाळ्यावर बसतात तसा बसला. झोळी मागच्या मागे उलटली आणि किशोर पाचोळ्यात. उठून त्याने एक पाय आत टाकला आणि दुसरा उचलला, तर झोळी बदामाकडे गेली आणि किशोर निंबाकडे. मग तो पोटावर आडवा झाला आणि हळूच सरळ व्हायला गेला, तेव्हा त्याची मधोमध घडी होऊन गुडघे नाकाला टेकले. त्याही अवस्थेत तो थोडा वेळ पडून राहिला, बहुधा असंच असतं असं समजून. मी मध्ये बोललो नाही. माणसाला प्रयत्न करू द्यावा या मताचा मी आहे. शेवटी त्याने पिशवीवरचं चित्र पुन्हा निरखलं, झोळी दोन्ही हातांनी फाकवली, जरासा तिरका पडला आणि झोळीने त्याला नीट पोटात घेतलं. त्याने हात छातीवर ठेवले. त्याचा चेहरा असा काही सैल पडला की मला धसकाच बसला. इतक्या वर्षांत त्याचा तो चेहरा मी पाहिलाच नव्हता. मग मी चपला घातल्या आणि बाहेर गेलो.

"किशोर, परवानगी घेतलीस का?" मी विचारलं.

त्याने एक डोळा उघडला. "कसली, भाऊसाहेब?"

"ते ठरवायलाच बैठक घ्यावी लागेल," मी म्हणालो, "तोवर उतर."

तो उतरला. किशोर अतिशय गुणी मुलगा आहे.

बैठक माझ्याच हॉलमध्ये झाली. झोळी टीपॉयवर ठेवली होती. देवरामअण्णांनी ती काठीने उचलून पाहिली आणि विचारलं, "पण हाई काय शे नेमकं?" प्रश्न मार्मिक होता. वस्तू कोणत्या सदरात मोडते हे कळल्याशिवाय तिला परवानगी देता येत नाही आणि नाकारताही येत नाही. पलंग म्हणावा तर तिला पाय नाहीत. कपडे वाळत घालायची दोरी म्हणावी तर किशोर ओला नव्हता. एकाने शंका काढली की जिथे माणूस झोपतो ती खोली, आणि खोली म्हणजे बांधकाम. उद्या महानगरपालिकेचा माणूस येऊन म्हणाला की दोन झाडांमध्ये तुम्ही एक बेडरूम काढली आहे, तर उत्तर काय द्यायचं? सगळे गंभीर झाले. मी बेचाळीस सालापासूनचे नियम जाणतो असा एक समज आहे, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की बांधकाम हलत नाही, ही झोळी हलते, सबब हे बांधकाम नव्हे. हलतं ते वाहन. वाहन असेल तर ते पार्किंगच्या आखलेल्या जागेतच लावावं लागेल, आणि पार्किंगमध्ये झाड नाही.

इथे चर्चा अडली. किशोर कोपऱ्यात मान हलवत होता.

ही कोंडी प्रतिभाताईंनी फोडली. त्या खजिनदार आहेत आणि समतेविषयी फार जागरूक आहेत. त्यांचं म्हणणं असं की झाडं सगळ्यांची, सावली सगळ्यांची, मग त्या सावलीत एकट्यानेच का झोपायचं? किशोरला परवानगी दिली तर ती प्रत्येक सभासदाला द्यावी लागेल, आणि झाडं दोनच आहेत. तेव्हा न्यायाचा मार्ग एकच, झोळी सोसायटीची करावी, म्हणजे कुणावरच अन्याय होणार नाही. मी किशोरला विचारलं की स्वखुशीने देतोस ना. त्याची मान खाली गेली आणि वर आली. ठराव मंजूर झाला.

टाळ्यांनी तो जागा झाला. काय घडलं ते मी त्याला समजावून सांगितलं. त्याने टीपॉयवरच्या झोळीची लोंबणारी दोरी नीट गुंडाळून ठेवली. मग एवढंच म्हणाला, "भाऊसाहेब, पण मला दुपारी झोपायला मिळेल ना?"

"अरे, अवश्य," मी म्हणालो, "उद्घाटन झालं की लगेच."

नवी वस्तू उद्घाटनाशिवाय वापरायची पद्धत आपल्याकडे नाही. आमच्या सोसायटीत तर पाण्याचा पंप बसवला तेव्हा हार, नारळ, पेढे आणि दोन भाषणं झाल्यावरच पाणी वर चढलं होतं, तोवर बायका हापशावर होत्या. तेव्हा प्रश्न उद्घाटन करायचं की नाही हा नव्हताच. झोळीत पहिलं कोण पडणार, हा होता. हा मानाचा प्रश्न. चेअरमन म्हणून अण्णांचा हक्क होता, पण त्यांचं वजन पाहता पहिला मान हाच शेवटचा ठरेल अशी कुजबुज झाली आणि अण्णा दुखावले. प्रतिभाताई म्हणाल्या की प्रत्येक वेळी पुरुषच का. मग त्या स्वतः पडणार का असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, चार लोकांत बाईमाणसाने असं आडवं पडणं शोभतं का? माझं नाव कुणी सुचवलं नाही, त्याची मी नोंद घेतली. किशोरचंही कुणी सुचवलं नाही. तो देणगीदार, आणि देणगीदाराने मागे राहावं हा संकेत आहे.

आपसात वितुष्ट नको म्हणून शेवटी बाहेरचा पाहुणा बोलवायचं ठरलं. गंगापूर रोडला कोंडाजीराव वाघचौरे नावाचे एक निवृत्त मुख्य अभियंता राहतात. निवृत्तीनंतर त्यांनी फिती कापण्याचं काम मन लावून केलं आहे. मी आणि अण्णा शाल घेऊन भेटायला गेलो. साहेबांनी डायरी चाळून सांगितलं की पुढचे दोन रविवार भरलेले आहेत. त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी एका व्यायामशाळेचं आणि एका दातांच्या दवाखान्याचं काम आहे, तेव्हा दुपारी दोनची वेळ देता येईल. आम्ही उपकृत झालो.

तोपर्यंत झोळीला धूळ लागू नये म्हणून ती निंब आणि बदामाच्या मध्ये बांधून प्लॅस्टिकने गुंडाळून ठेवली आणि वर पाटी लावली की उद्घाटनापूर्वी वापरू नये. किशोर सकाळी बसमधून उतरला की त्या पाटीपाशी थोडा वेळ उभा राहायचा आणि मग वर पाढ्यांत जायचा. एक दिवस संध्यावहिनी माझ्या दाराशी आल्या. त्या चढ्या आवाजात बोलणाऱ्या बाई नाहीत. शिकवण्या सोडल्या तर हप्ते कुठून भरायचे, त्या म्हणाल्या, म्हणून घरात जागा नाही; तेवढ्यासाठी तर भावाने ती वस्तू आणली. "भाऊसाहेब, काल त्यांनी ताटावर बसल्याबसल्या डोळे मिटले. घास हातात तसाच. मशीनवर असं झालं तर हो? फक्त दुपारचा वेळ पडू द्या त्यांना. तुमच्या उद्घाटनाला मी स्वागतगीत बसवून देते."

मी त्यांना धीर दिला. पाहुण्यांची तारीख मिळाली आहे, आता थोडक्यासाठी रीत मोडली तर लोक काय म्हणतील, हे त्यांनाही पटलं असावं, कारण त्या काही न बोलता गेल्या. स्वागतगीत मात्र त्यांनी खरंच बसवलं.

रविवार उजाडला. आवारात मांडव, लाल-पांढऱ्या खुर्च्या, माइक. झोळीच्या दोऱ्यांना हळदीकुंकू, मधोमध झेंडूचा हार, आणि निंबापासून बदामापर्यंत गुलाबी फीत. किशोर रात्रपाळीहून आला होता, तो तसाच इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला. आभारप्रदर्शन त्याच्याकडे होतं. त्याने मला हळूच विचारलं की कार्यक्रम संपला की आजपासूनच ना. मी म्हटलं, आजपासूनच.

साहेबांचं जेवण अण्णांकडे ठेवलं होतं. मे महिना, त्यात अण्णांचा आग्रह. आमरसाच्या किती वाट्या झाल्या हे विचारणं बरं नव्हे, पण साहेब मांडवात आले ते दोघांच्या आधाराने. स्वागतगीत झालं. मी प्रास्ताविक केलं, त्यात आदिमानवाच्या निद्रेपासून सुरुवात करून सहकार चळवळीपर्यंत आलो. साहेबांनी फीत कापली, नारळ फुटला आणि मग चौघांनी धरून त्यांना झोळीत ठेवलं. किशोरने झोळी दोन्ही हातांनी फाकवली, साहेबांना जरा तिरकं व्हायला सांगितलं आणि तो मागे झाला. अण्णांनी माइक त्यांच्या तोंडापाशी धरला.

"बंधुभगिनींनो," साहेब वर पानांकडे पाहत म्हणाले, "आजच्या धकाधकीच्या जीवनात माणसाला खरी गरज आहे ती..."

आम्ही वाट पाहत राहिलो. पुढचा शब्द आला नाही. माइकमधून एक लांब, संथ घोरणं आलं आणि सगळ्या इंदिरानगरला ऐकू गेलं. काहींनी टाळ्या वाजवल्या. मी धावत जाऊन माइक बंद केला.

आता पेच असा की प्रमुख पाहुण्यांना जागं करायचा अधिकार कुणाला? अण्णा म्हणाले, भाऊसाहेब, तुम्ही हलवा. मी म्हणालो, चेअरमन तुम्ही आहात. साहेबांच्या ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, मला नोकरी करायची आहे. तेव्हा एकच मार्ग उरला. साहेब आपणहून उठेपर्यंत सभा चालू आहे असं समजायचं आणि त्यांच्या झोपेत व्यत्यय येऊ द्यायचा नाही.

आमच्या सोसायटीची एकी मला त्या दिवशी दिसली. मी नुसतं ओठावर बोट ठेवलं आणि क्रिकेटची पोरं स्टंप उपटून अनवाणी घरी गेली. प्रतिभाताई जिना चढून गेल्या आणि त्यांनी मिक्सरची वायर काढून ठेवली. संध्यावहिनींनी दुपारच्या वर्गातल्या मुलांना सांगितलं की आज पाढे मनात म्हणा. भंगारवाल्याला फाटकातून परत पाठवलं, तो खुणेने माफी मागून गेला. कुणाचं तरी तान्हं बाळ रडू लागलं, तर त्याला शेजारच्या सोसायटीत नेऊन ठेवलं. घराघरांतले टीव्ही बंद झाले. कुकरच्या शिट्ट्या लोकांनी हाताने धरून ठेवल्या. मी माझी भजनं लावली नाहीत. पानांची सळसळ मी या आवारात पहिल्यांदा ऐकली. कितीही मोठा आवाज असो, माणसांनी मनावर घेतलं तर तो बंद करायला क्षण पुरतो. त्यासाठी समोर तसा माणूस झोपलेला हवा.

साहेब उठले तेव्हा उन्हं कलली होती. प्रसन्न दिसत होते. म्हणाले, पेन्शन सुरू झाल्यापासून अशी झोप लागली नव्हती. पाहुण्यांना चहा दिला आणि मी माइक चालू करून आभारप्रदर्शनासाठी किशोर खैरनार यांना पाचारण केलं.

पहिल्या रांगेत त्याची खुर्ची रिकामी होती. मांडवात नाही, गच्चीवर नाही. साहेबांना व्यायामशाळेची घाई. आभाराशिवाय पाहुण्यांना जाऊ देणं म्हणजे आमंत्रण देऊन अपमान करण्यासारखं. मी स्वतः पहिल्या मजल्यावर गेलो. दारात संध्यावहिनी उभ्या होत्या. आत मुलं भिंतीला पाठ लावून, ओठ हलवत, मुक्याने सोळाचा पाढा म्हणत होती आणि त्यांच्या मधोमध, सतरंजीवर, इस्त्रीच्या शर्टासकट किशोर गाढ झोपला होता. तोच सैल पडलेला चेहरा.

"खाली शांतता झाली तसे वर आले आणि पडले ते पडलेच," वहिनी इतक्या हळू बोलल्या की मला वाकावं लागलं. "कित्येक महिन्यांनी झोपलेत, भाऊसाहेब. राहू द्या ना."

मलाही क्षणभर वाईट वाटलं. पण खाली साहेब ताटकळत होते. मी किशोरला हाक मारली. तो उठेना, म्हणून मोठ्याने मारली. मग खांदा धरून गदागदा हलवला. मुलं वहिनींकडे पाहत होती. शेवटी तो उठला, क्षणभर त्याला कळेना की आपण कुठे आहोत, आणि मग माझ्यामागे जिना उतरून आला.

माइकसमोर तो थोडा वेळ डोळे चोळत उभा राहिला. मग म्हणाला, "साहेब, तुमचे फार आभार. तुम्ही झोपलात म्हणून मी झोपलो. तुम्हाला हात जोडून विनंती आहे, तुम्ही रोज दुपारी इथे येऊन झोपत जा."

काय टाळ्या पडल्या. एवढ्या थोडक्या शब्दांत इतका मनापासूनचा आदर मी कुठल्या आभारप्रदर्शनात ऐकला नाही. साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि म्हणाले की रोज कसं जमणार. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत प्रतिभाताईंचा मिक्सर सुरू झाला होता.

पुढे झोळीविषयी एक छोटा ठराव झाला. साहेब ज्यात झोपले त्यात इतरांनी पडणं प्रशस्त दिसणार नाही, म्हणून ती हारासकट घडी करून कपाटात ठेवली आहे आणि प्रमुख पाहुण्यांसाठी राखून आहे. किशोरची रात्रपाळी चालू आहे. जिन्यात भेटला की अजून दोन्ही हातांनी नमस्कार करतो, म्हणजे सगळं ठीकच असणार.

तुम्ही आम्हाला हसत असाल. हसा की, आणि चांगलं मोठ्याने हसा, आवाज दाबायचं कारण नाही. तुमच्या भिंतीपलीकडे भरदुपारी जो कुणी झोपायची खटपट करतोय, तो काही मुख्य अभियंता नाही.